डांबरातलं कोंदण

जेवणाच्या ताटाएवढी, जाडजूड धातूची एक गोल चकती. व्यास ३०५ मिलिमीटर, कडेने बोल्ट, आणि एका अंगाला किंवा समोरासमोरच्या दोन्ही अंगांना बोटाच्या पेराएवढी काचेची खिडकी. ही चकती धावपट्टीच्या डांबरात अशी बसवतात की तिचा जेमतेम सहा मिलिमीटर भाग वर राहतो; तीन-चार नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढा. दिवसा तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. मुंबईहून निघालेलं विमान चार तासांनी रात्री कुवेतसारख्या विमानतळावर टेकतं तेव्हा वैमानिकाला पट्टीची मधली रेघ दाखवायचं काम अशाच चकत्यांचं असतं. आणि लगेच त्याच चकत्यांवरून विमानाची चाकं धावतात. कुवेत एअरवेजच्या ताफ्यातलं बोइंग ७७७-३००ईआर पूर्ण भरून निघतं तेव्हा त्याचं वजन साडेतीनशे टनांच्या घरात असतं. ते बहुतेक सगळं मुख्य बारा चाकांवर येतं, म्हणजे एकेका चाकावर सत्तावीस-अठ्ठावीस टन. एवढं ओझं झेलणारा दिवा म्हटलं की मनात येतो तो जाड धातू आणि अभेद्य काच. माझं म्हणणं असं की टिकाऊपणाचा शोध तिथे घेणं ही चुकीच्या जागी केलेली शोधाशोध आहे. सोनाराकडे गेलेलं गिऱ्हाईक हिरा निरखत असतं, सोनार मात्र कोंदण तपासत असतो, कारण हिरा फुटल्याने हरवत नाही, कोंदण सैल झाल्याने हरवतो. धावपट्टीत जडवलेला दिवाही ओझ्याने क्वचितच मोडतो. तो जातो त्याच्या सांध्यांतून: रबरी कड्यातून, बोल्टमधून, डांबर आणि धातू यांच्यामधल्या चिकट थरातून, खाली साचलेल्या पाण्यातून. आणि कुवेतइतकी या सांध्यांची परीक्षा पाहणाऱ्या जागा जगात फार नाहीत.

पट्टीच्या दोन्ही कडांना दिवे असतातच, मग चाकांच्या ऐन वाटेत दिवे पुरण्याची उठाठेव कशाला, हा प्रश्न कुणीही विचारावा असा आहे. त्याचं उत्तर धुक्यात आणि धुळीत मिळतं. समोरचं दिसणं तीन-चारशे मीटरवर आलं की कडेचे मोजकेच दिवे नजरेत राहतात, आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगात आपण मधोमध आहोत की डावीकडे सरकतोय हे त्या मोजक्या ठिपक्यांवरून चटकन उमगत नाही. मधली रेघ ते सांगते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतल्या चौदाव्या परिशिष्टाने या रेघेची भाषाच ठरवून दिली आहे. दिवे १५ किंवा ३० मीटरच्या अंतराने असतात. रंग पांढरा, पण पट्टी संपायला ९०० मीटर उरले की एक लाल, एक पांढरा असे आळीपाळीने, आणि शेवटच्या ३०० मीटरांत नुसते लाल. टॅक्सीवेवर हिरवे दिवे वाट दाखवतात, तर पट्टीत शिरण्याआधी थांबायच्या रेषेवर जमिनीतूनच लाल दिवे अडवतात. साडेतीन किलोमीटरच्या एका पट्टीवर केवळ मधल्या रेघेचे दिवे ३० मीटरच्या हिशेबाने शंभरावर भरतात, १५ मीटरच्या हिशेबाने दोनशेवर. कमी दृश्यमानतेत उतरायची परवानगी असलेल्या पट्टीवर यांतले ९५ टक्के दिवे चालू असायला हवेत, आणि शेजारचे दोन दिवे एकाच वेळी बंद असून चालत नाहीत. ‘बंद’ या शब्दाचा अर्थही कडक आहे: ठरलेल्या तेजाच्या निम्म्याहून खाली गेलेला दिवा जळत असला तरी तो बंदच धरायचा.

हा काटेकोरपणा कागदी वाटत असेल तर ३१ ऑक्टोबर २००० ची तैपेईची रात्र आठवावी. वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं उड्डाण क्रमांक ००६ चुकून शेजारच्या, कामासाठी बंद ठेवलेल्या पट्टीवर वळलं आणि तिथल्या बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. १७९ जणांपैकी ८३ जण गेले. आपण कोणत्या पट्टीवर आहोत याची खातरजमा वैमानिकांनी केली नाही, हे चौकशीत पुढे आलंच. पण त्याच चौकशीने आणखी एक गोष्ट नोंदवली. योग्य पट्टीकडे नेणाऱ्या वाटेवरच्या थोडक्या हिरव्या दिव्यांपैकी एक बंद होता आणि एक मंद झालेला होता. अपघाताचा सगळा भार त्या दोन दिव्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण वाट दाखवणारी रेघ जिथे तुटक असते तिथे माणसाची चूक पोटात घालणारं काहीच उरत नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आता ओझ्याचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो बराचसा सुटलेला आहे. दिवे विमानाच्या चाकाखाली गेले तरी दिव्याला किंवा विमानाला इजा होता कामा नये ही अट नियमावलीतच आहे, आणि ओतीव अॅल्युमिनियमचं वा लोखंडाचं झाकण, जाड काच आणि खाली भक्कम पोलादी डबा एवढ्याने ती पाळता येते. चाकाचं वजन सरळ खाली जातं आणि जमीन ते झेलते. खरी गुंतागुंत प्रकाश बाहेर काढण्यात आहे. मोठ्या विमानात बसलेल्या वैमानिकाचे डोळे जमिनीपासून सहा मीटरांच्या आसपास असतात. शंभर मीटरवरचा दिवा त्याला दिसायचा तर प्रकाश जमिनीपासून अवघे तीन-साडेतीन अंश वर निघायला हवा, म्हणजे जवळजवळ जमिनीला घासत. दिवा पूर्णपणे सपाट केला तर हा प्रकाश झाकणाच्या कडेलाच अडतो, म्हणून खिडकीपुढे खाच पाडावी लागते, आणि खाच म्हटली की तिथे टायरचं रबर, वाळू, पाणी यांचा मुक्काम आलाच. दिवा उंच केला तर खिडकी स्वच्छ राहते, पण प्रत्येक चाकाला ठेच लागते. आजही मधल्या रेघेवरून नाकाकडचं चाक गेलं की ठक्-ठक् असा ठेका विमानात ऐकू येतो, आणि कितीतरी वैमानिक तो टाळायला चाक रेघेच्या किंचित बाजूने नेतात. सहा मिलिमीटर ही या दोन गैरसोयींमधली तडजोड आहे. खालच्या दिव्याचा प्रकाश त्रिकोणी लोलकासारख्या काचेतून वाकवून त्या सहा मिलिमीटरांतून बाहेर काढतात, आणि ३० मीटर अंतरावर बसवलेल्या पांढऱ्या दिव्याकडून अपेक्षा असते ती मुख्य झोतात सरासरी ५,००० कँडेलाची. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचं तेज. पाच हजार मेणबत्त्यांचा झोत बोटाच्या पेराएवढ्या खिडकीतून जायचा आहे, हे लक्षात ठेवलं म्हणजे त्या खिडकीवर बसणारा धुळीचा पातळ थर किती महागात पडतो ते कळतं.

कुवेतच्या उन्हाबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तिथे भारतीयांची वस्ती मोठी आहे आणि उन्हाळ्याच्या कहाण्या घरोघरी पोहोचलेल्या आहेत. तरी एक आकडा द्यायलाच हवा. २१ जुलै २०१६ रोजी वायव्य कुवेतमधल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेने ते तपासून २०१९ मध्ये आशिया खंडातली सर्वोच्च नोंद म्हणून मान्य केलं. ही सावलीतल्या हवेची गोष्ट झाली. काळं डांबर अशा दुपारी ७० अंशांच्या पलीकडे सहज जातं, आणि त्या डांबरात दिवा गळ्यापर्यंत रुतलेला असतो. धातू याने वितळत नाही, काच तडकत नाही. घडतं ते वेगळंच. दिव्याच्या आतली हवा कोंडलेली आहे. रात्री ती ३० अंशांवर असेल आणि दुपारी ७० वर गेली, तर तिचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. अगदी लहान, आठ इंची झाकण धरलं तरी त्याच्या क्षेत्रफळावर हा वाढीव दाब चाळीस किलोंहून जास्त जोर लावतो, आतून बाहेर. रोज दुपारी. सांध्यातलं रबरी कडं थोडं जरी दमलेलं असेल तर चिमूटभर हवा बाहेर निसटते. मग रात्र होते, आतली हवा आकसते आणि उलटा खेळ सुरू होतो. गरम भाजी भरून डब्याचं झाकण लावलं की गार झाल्यावर ते ओढून निघत नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत आहे. तीच ओढ दिव्याच्या आत तयार होते, आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत येते. कुवेतमध्ये उन्हाळा सरत आला की आग्नेयेकडून समुद्रावरचा दमट वारा येतो, त्याला तिथे ‘कौस’ म्हणतात. अशा रात्री दिव्याने आत ओढलेला श्वास ओला आणि खारा असतो. काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरतं, तांब्याच्या टोकांवर हिरवट पुटं चढतात. बाहेरून दिवा धडधाकट दिसतो, त्याच्यावरून साडेतीनशे टन गेले तरी त्याला काही होत नाही, आणि आतून तो आंधळा होत चाललेला असतो.

याच उष्णतेचा दुसरा पैलू मोजून दाखवण्यासारखा आहे. प्रत्येक पदार्थ तापला की फुगतो, पण सगळे सारखे फुगत नाहीत. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, काच दोघांपेक्षा कमी, आणि दिवा डांबरात चिकटवणारं इपॉक्सी सगळ्यांहून जास्त. हिवाळ्यातली पाच अंशांची पहाट आणि उन्हाळ्यातली सत्तर अंशांची दुपार यांत ३०५ मिलिमीटरचं अॅल्युमिनियमचं झाकण आणि त्याखालचं पोलादी कडं यांच्या फुगण्यात पाव मिलिमीटरच्या जवळपास फरक पडतो. दोन कागदांच्या जाडीएवढा. एवढ्याशा फरकाचं काय, असं वाटेल. पण ते पाव मिलिमीटर कुणीतरी पोटात घ्यावं लागतं, आणि ते काम येतं रबराच्या कड्यावर आणि बोल्टवर. म्हणून कुवेतसाठी दिवा आखणाऱ्याने पहिला प्रश्न झाकणाच्या जाडीचा विचारू नये. सत्तर अंशांत वर्षानुवर्षं राहून कोणतं रबर लवचीक राहतं, कडं बसायची खोबण किती खोल हवी, आणि ते कडं बदलायला किती वेळ लागतो, हे विचारावं.

धुळीसाठी कुवेतच्या बोलीत खास शब्द आहे, ‘तोझ’. वायव्येकडून शमाल वारा सुटला की इराकमधली माती घेऊन येतो आणि आकाश नारिंगी होतं. मे २०२२ मध्ये अशा वादळांमुळे कुवेतच्या विमानतळावरची उड्डाणं थांबवावी लागली होती. विमानं थांबतात तेव्हा बातमी होते. पण दिव्यांचं नुकसान बातमीनंतरच्या दिवसांत चालू असतं. त्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ साध्या काचेहून कठीण असतो. जमिनीलगत सरपटत जाणारी वाळू नेमकी खिडकीच्या उंचीवरून जाते. वर टायरचं रबर वितळून त्या कणांना चिकटवून ठेवतं. अशी खिडकी कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली, तर पुसणारा हातच काच ओरखडतो. म्हणून चांगल्या विमानतळांवर पाण्याच्या किंवा बारीक कणांच्या दाबाच्या झोताने खिडक्या धुतात, आणि तेज मोजणारी गाडी पट्टीवरून चालवतात. तिच्यापुढे लावलेले संवेदक एकेका दिव्याचा झोत नोंदवत जातात. डोळ्याने पाहून ‘चालू आहे’ म्हणणं निरुपयोगी, कारण निम्म्यावर आलेला दिवा डोळ्याला छान उजळच दिसतो. माणसाच्या नजरेला तेजातला फरक सहज कळत नाही, आणि रात्री तर ती फारच उदार असते.

पावसाचा मुद्दा मी मुद्दाम धुळीनंतर घेतला, कारण वाळवंटात तो विसरला जातो, आणि विसरला जातो म्हणूनच घात करतो. मुंबईत सांताक्रूझला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे दिव्याखालचा डबा पाण्याने भरणार हे गृहीतच धरावं लागतं. निचऱ्याची वाट न ठेवणारा अभियंता पहिल्याच जुलैत उघडा पडेल. कुवेतचा वर्षाचा पाऊस शंभर-सव्वाशे मिलिमीटर. तिथे निचरा हा कागदावर सगळ्यात आधी काट मारण्याचा खर्च वाटतो. पण हा पाऊस वर्षभर वाटून पडत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो असा कोसळला की रस्ते नद्या झाले, विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला आणि सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी राजीनामा दिला. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या डांबरातली खडी सुटून गाड्यांच्या काचांवर उडत राहिली, ही तक्रार कुवेतमध्ये पुढे कितीतरी काळ गाजली. दिव्यांच्या दृष्टीने या घटनेत मोठा धडा आहे. डांबर आणि खडी यांची पकड जिथे सुटते, तिथे डांबर आणि दिव्याचा डबा यांची पकडही सुटू शकते. कुवेतमधल्या बांधकामात पायासाठी ‘गॅच’ नावाची स्थानिक चुनखडीयुक्त कडक माती वापरतात. कोरडी असताना ती दगडासारखी असते, पाणी मुरलं की तिचा जोर उतरतो. दिव्याखाली केबलच्या नळ्या किलोमीटरच्या किलोमीटर गेलेल्या असतात. एका डब्यात शिरलेलं पाणी नळीवाटे पुढच्या दहा डब्यांत पोहोचतं आणि बाहेर पडायला वाट नसेल तर उन्हाळ्यापर्यंत तिथेच उकडत बसतं. त्यात किनाऱ्याजवळच्या जमिनीतलं मीठ उतरलेलं असतं. कोरड्या देशात पाण्याचा निचरा ओल्या देशाइतकाच चोख हवा, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता बोल्ट. विमान ब्रेक मारतं किंवा वळतं तेव्हा झाकणाला आडवा धक्का बसतो. तो धक्का बोल्टच्या दांड्याने झेलायचा नसतो. बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळला की झाकण खालच्या कड्यावर दाबलं जातं, आणि त्या दाबातून होणारं घर्षण आडवा धक्का झेलतं. ताण कमी पडला तर झाकण केसभर सरकतं. आज केसभर, उद्या केसभर, आणि त्या थरथरीत बोल्ट स्वतःहून उलगडत जातो. जास्त आवळला तर त्याचा पीळच संपतो. म्हणून इथे अंदाजाचा पाना चालत नाही, ठरलेल्या ताणाला ‘टक्’ करणारा टॉर्क पानाच लागतो, आणि साध्या वायसरऐवजी एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी वायसरच्या जोड्या. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जमिनीतल्या दिव्यांच्या केवळ बोल्टांवर एक स्वतंत्र तांत्रिक टिपण काढलेलं आहे, यावरूनच दुखणं किती खरं आहे ते समजावं. सुटलेला बोल्ट हा केवळ दिव्याचा प्रश्न राहत नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसला कॉन्कॉर्ड कोसळलं आणि ११३ माणसं गेली. सुरुवात झाली ती दुसऱ्या विमानाची गळून पट्टीवर पडलेली हातभर लांबीची धातूची पट्टी टायरखाली आल्याने. विमानतळावर सुटा धातू म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट उत्तर नाही.

इथे जाणकार वाचक विचारील की एलईडी आल्यावर या काळज्या मिटल्या नाहीत का. जुना हॅलोजन दिवा पूर्ण तेजावर हजार-दीड हजार तास जगायचा, एलईडी पन्नास हजार तासांच्या गोष्टी करतो. हा फायदा खरा आहे आणि कुवेतमध्ये तर दुहेरी आहे: दिवा जितका कमी वेळा उघडावा लागेल तितकं रबरी कडं शाबूत. नियम सांगतो की दहा मिनिटं टायर दिव्यावर उभा राहिला तरी दोघांच्या स्पर्शाच्या जागी तापमान १६० अंशांवर जाऊ नये; एलईडीला ही अट पाळणं हॅलोजनपेक्षा कितीतरी सोपं. पण एलईडीची उष्णता पुढे झोतात जात नाही, मागे बुडाशी साठते, आणि तिथून धातूवाटे जमिनीत जावी लागते. जमीनच तापलेली असेल तर ती जायची कुठे? तापलेला एलईडी कमी प्रकाश देतो आणि लवकर म्हातारा होतो. शिवाय हॅलोजन स्वतःच्या धगीने आतली ओल सुकवायचा. एलईडीच्या आत शिरलेली ओल तिथेच राहते आणि तिच्या शेजारी आता नाजूक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. एलईडीने प्रकाशाचा उगम दीर्घायुषी केला, पण दिव्याचं आयुष्य ठरवण्याचं काम आणखीच सांध्यांकडे सोपवलं. पन्नास हजार तासांचा दिवा पाच वर्षांच्या रबरामागे बसवणं हा हिशेब जुळणारा नाही.

दुसरा आक्षेप अधिक मुळावर येणारा आहे. विमानात आज पडदे आहेत, उपग्रह आहेत, स्वयंचलित उतरण आहे. आणि तोझ फारच दाट झाला तर विमानतळ बंदच होतो. मग जमिनीतल्या दिव्यांवर एवढा जीव कशाला टाकायचा? उपकरणं विमानाला पट्टीपर्यंत आणतात हे खरं. पण पट्टीवर टेकल्यानंतर वळणं घ्यायची, कुठे थांबायचं ते ओळखायचं, दुसरं विमान जात असताना पट्टीत शिरायचं नाही, हे सगळं आजही वैमानिक मुख्यतः खिडकीबाहेर पाहूनच करतो. तैपेईला चूक झाली ती आकाशात नाही, जमिनीवर. आणि दिव्यांची गरज बंद विमानतळाला नसते, अर्धवट मिटलेल्या दृश्यमानतेला असते. जानेवारीतलं पहाटेचं धुकं, वादळ ओसरतानाची पिवळी धूसर हवा, हीच ती वेळ, जेव्हा विमानं खोळंबलेली असतात, नियंत्रक घाईत असतात आणि खिडक्या नुकत्याच धुळीने माखलेल्या असतात. म्हणजे दिव्याची सर्वाधिक गरज आणि त्याची सर्वात वाईट अवस्था एकाच घटकेला येतात. कुवेतसाठी दिवा आखताना ही घटकाच मापदंड धरली पाहिजे. प्रयोगशाळेतल्या नव्या, स्वच्छ दिव्याचे आकडे नव्हेत.

तिसरं म्हणणं उघडपणे क्वचित मांडलं जातं, पण हिशेबात ते असतं: आखातात मजूर मुबलक आहेत, दिवे खराब झाले तर माणसं लावून बदलून घेऊ. मला हे म्हणणं व्यवहारातही चुकीचं वाटतं आणि माणुसकीलाही धरून वाटत नाही. चालत्या पट्टीवर माणूस गुडघे टेकून बसू शकतो तो केवळ विमानं नसताना, बहुधा मध्यरात्रीनंतरच्या थोड्या तासांत. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्या तापल्या डांबरावर बसून गंजलेला बोल्ट उपटणाऱ्यांत आपल्याकडची माणसंही असतात. दिव्याची रचना त्यांना तिथे चाळीस मिनिटं बसवते की चार, हा आराखड्याचाच प्रश्न आहे. चांगल्या रचनेत जमिनीतला डबा आणि वरचा दिवा वेगळे असतात. बोल्ट काढायचे, दिवा उचलायचा, खालचा जोड हाताने सोडवायचा, त्याच जागी तयार दिवा बसवायचा, टॉर्क पान्याने आवळायचा आणि निघायचं. दुरुस्ती कार्यशाळेत, सावलीत, टेबलावर. वीजजोडणीतही हाच शहाणपणा फार पूर्वीपासून आहे. पट्टीवरचे दिवे माळेत जोडलेले असतात आणि पूर्ण तेजाला ६.६ अँपिअरच्या स्थिर प्रवाहावर चालतात. दिवाळीच्या स्वस्त माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझते. इथे प्रत्येक दिव्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर दिलेला असतो, त्यामुळे एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. ज्याने ही माळ आखली त्याने दिवा कधीच जाणार नाही असं मानलं नव्हतं. तो जाणार हे धरूनच त्याने शेजाऱ्यांची सोय केली. झाकण, बोल्ट, कडं आणि निचरा यांची आखणीही याच वृत्तीने व्हायला हवी.

कुवेतच्या विमानतळाचा विस्तार चालू आहे. फॉस्टर अँड पार्टनर्सने आखलेलं टर्मिनल २ आणि तिसरी धावपट्टी हे त्याचे मोठे भाग आहेत. छायाचित्रं छपराची निघतील, आणि ते छप्पर खरोखर देखणं आहे. मी निविदा लिहिणाऱ्यांच्या जागी असतो तर दिव्यांच्या पानावर किमतीच्या रकान्याशेजारी आणखी काही रकाने आखले असते: सत्तर अंशांत ठेवलेल्या रबरी कड्याची पाच वर्षांनंतरची लवचीकता, एक दिवा बदलायला लागणारी मिनिटं, डब्यातलं पाणी बाहेर जायची वाट, आणि धूळ बसल्यावर किती दिवसांनी तेज निम्म्यावर येतं. यांतल्या बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत. महाग पडतं ते त्या न विचारणं.

दुरुस्त झालेला दिवा पुन्हा पट्टीवर नेण्याआधी कार्यशाळेत एक चाचणी होते, आणि ती पाहायला आपल्याकडच्या कुठल्याही सायकलवाल्याला शिकवावं लागणार नाही. नवं कडं बसवून, बोल्ट आवळून, दिव्याच्या आत हवेचा दाब भरतात आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवतात, पंक्चर शोधताना ट्यूब बादलीत बुडवतात तसाच. काही मिनिटं नजर पाण्यावर. कडेने एक जरी बुडबुडा वर आला तर दिवा परत टेबलावर जातो, कडं काढून खोबण पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. पाणी स्थिर राहिलं तरच तो पुसून, खोक्यात घालून, रात्रीच्या गाडीत ठेवला जातो.